फहाहील, शुक्रवार सकाळ

घरभर एसी, म्हणून पीठ फुगेना.
शेवटी परात बाल्कनीत नेली,
वॉशिंग मशीनच्या डोक्यावर, ओल्या पंच्याखाली.
तासाभरात पंचा टम्म.
इथलं ऊन
पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोललं.

लाटलं, लोणी फासलं, साखर,
दालचिनी जरा जास्तच सांडली.
गुंडाळी तिरकी झाली, तशीच ओव्हनमध्ये सरकवली.

नौशाद रिफायनरीतून आला,
रात्रपाळीचे बूट काढता काढता दारातूनच:
"मटण?"
आमच्याकडे दालचिनी म्हणजे मटणच,
त्याचा काय दोष.

जुम्म्याला अजून दोन तास होते.
मी सुरी शोधेपर्यंत त्यानं कड तोडली.
बोटांना चटका, मिशीला साखर,
आणि खुर्चीतच डोळा लागला,
अर्धा तुकडा मुठीत.

त्याच्यावर पंचा टाकला.
या वेळी कोरडा.