डोके सांभाळा

उद्यमनगरात लेथच्या दुकानावर आमचं ऑफिस.
खाली बीड सोलतात,
वर आम्ही इमारती.

सव्वीस वर्षं मी रेघा मारल्या.
भिंत म्हणजे दोन रेघा, मधे नऊ इंच काळोख.
पिवळी भिंत, हिरवी खिडकी, दरवाजा पाव वर्तुळ.
लेयरचं नाव मीच ठेवलेलं: फायनल-नवीन-२.
रेघेला ठाऊक नसायचं की आपण भिंत आहोत.
ते मला ठाऊक असायचं
आणि सेंटरिंगच्या बंडा हुजरेला.
तेवढ्यावर भागायचं.

मग तस्लीम मुजावर आली, वारणेच्या कॉलेजातून,
म्हणाली, काका, रेघ नका मारू. भिंत बांधा.
दोनदा टिचकी मारली
आणि भिंत उभी राहिली, उंचीसकट, गिलाव्यासकट.
विटा किती, सांगते. दर सांगते. रंग पुन्हा कधी द्यायचा तेही.
खिडकी जरा सरकवली
तर प्लॅनमध्ये हलली, एलेव्हेशनला हलली, सेक्शनला हलली,
आणि तिन्हीकडे खोडत फिरणारा मी
खुर्चीत रिकामा.

मुद्दाम विचारलं, वीट कुठल्या भट्टीची, हे सांगते का तुझी भिंत?
तिला सांगितलं तर सांगेल, काका.
यावर मी चहा मागवला.

या पद्धतीचं नाव बिम.
मी आयुष्यभर ज्याला बीम म्हणत आलो
तो ऱ्हस्व करून घेतला की झालं.

शियेच्या हॉस्पिटलचं मॉडेल एका दुपारी तपासलं.
एकशे बारा ठिकाणी लाल.
एसीचा डक्ट बीममधून आरपार,
ड्रेनेजचा पाइप ऑपरेशन थिएटरच्या दारात उभा.
आमच्या कॅडमध्ये यांची घरं वेगळी होती,
आरसीसीचा कागद एक, प्लंबिंगचा दुसरा, वायरिंगचा तिसरा,
पहिली भेट साइटवर,
मग छन्नी, हातोडा, आईमाईचा उद्धार,
आणि बिल मालकाला.

त्या रात्री सगळे गेल्यावर
खालचा लेथ गार झाल्यावर
मी उचगावच्या पतसंस्थेची फाइल उघडली.
माझी. सत्त्याण्णव सालची.
एकेक रेघ उचलून भिंत केली,
जिना केला, चौदा पायऱ्या,
वर बीम टाकला
आणि तपास म्हटलं.

एकच लाल.

पाच फूट सात इंच.
मला माहीत होतं.
प्लॅनमध्ये तो बीम तुटक रेघ होता,
सेक्शन मी फूटभर डावीकडून कापला होता,
आणि सही होती, कोपऱ्यात, झोकात.
पहिल्या वर्षी त्यांनी तिथं पोतं ठोकलं,
मग स्पंज,
मग पेंटरकडून लाल ऑइलपेंटमध्ये लिहून घेतलं: डोके सांभाळा.
ठेव रिन्यू करायला मी दरवर्षी जातो.
पाच पायऱ्या आधीच वाकतो.
कॅशियर कुंभोजकर बाई म्हणतात, साहेब किती नम्र.

सकाळी फाइल उघडीच राहिलेली.
तस्लीमनं मॉडेल फिरवलं,
त्यातला बिनचेहऱ्याचा माणूस जिन्यानं वर धाडला.
तो बीममधून आरपार गेला. त्याला काही झालं नाही.
हे उचगाव ना, ती म्हणाली,
कर्जाच्या वेळी अब्बांना तीन टाके पडलेत इथं.
आणि कपाळावर बोट ठेवलं, स्वतःच्या.

माझं आहे, मी म्हणालो.
तिला ते कळायला जरा वेळ लागला.
की लगेच कळलं, आणि वेळ मला लागला.

खाली लेथ सुरू झाला.
तिनं माउस पुढे ओढला,
बीम दीड फूट वर घेतला.
प्लॅनमध्ये हलला, एलेव्हेशनला हलला, सेक्शनला हलला.
लाल गेलं.

उचगावात
तेवढा हलला नाही.