सात लिफाफे

नसाउच्या धक्क्यावरून टपालबोट सुटते मंगळवारी दुपारी.
कांदे, गॅसची नळकांडी, दोन बकऱ्या, कुणाचा तरी नवा फ्रीज,
आणि मी, मांडीवर सात लिफाफे.
दवाखान्यातल्या बाईंनी मोजून दिले होते:
बहिणीला एक, मावश्यांना तीन, मावसबहिणींना दोन.
सातवा कोरा. "कुणी आठवलंच तर," म्हणाल्या.

एकतिसाव्या वर्षी माझा डावा स्तन काढला.
मग रक्त तपासलं. त्यात एक बारीकशी चूक निघाली,
आईकडून मला आलेली, आईला तिच्या आईकडून,
चांदीच्या चमच्यांसारखी, न मागता.

आजी "वाऱ्याने" गेली असं आमच्यात सांगतात.
वारा छातीत शिरला म्हणे, पावसाळी हवेत.
आईने झग्याच्या आत टॉवेलची घडी ठेवून
दोन वर्षं चर्चच्या गायनात दुसऱ्या ओळीत उभी राहून काढली.
अळीमिळी गुपचिळी.
मी तिच्या शेजारी गात होते. मला वास आला होता.

कॅट बेटावर पहाटे उतरले.
थिओफिला मावशीने लिफाफा न फोडता
साखरेच्या डब्याखाली सरकवला आणि चहा केला.
कोरलीन मावशी म्हणाली, देव आहे.
मी म्हटलं, आहे ना. मशीनही आहे.
ती उठून कोंबड्यांकडे गेली.
डिअँड्रा सव्वीसची, डिसेंबरात लग्न.
"आत्ता नको गं. कळलं तर त्याला काय सांगू?"
रोशेल घरी नव्हती. दाराच्या फटीतून आत टाकला.
माझी बहीण टॅनेल काहीच बोलली नाही,
नुसती बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिली.

इस्मे मावशी अंगणात ताडाच्या पातीची वेणी विणत होती,
टोपल्यांसाठी, पर्यटकांच्या.
हात न थांबवता तिने ऐकून घेतलं.
"चुकलेली पात डोळ्याला दिसत नाही, पर्निका,
बोटाला लागते. लवकर लागली तर चार बोटं उसवायची.
पंधरा हात पुढे गेल्यावर लागली, तर काय उसवणार?"

मावशी, म्हटलं, माझी बोटाला लागली
तेव्हा लिंबाएवढी झाली होती.
मशीनला ती तिळाएवढी असताना दिसते.

तिने वेणी खाली ठेवली.
"आणि तुझी? उरलेल्या बाजूची? कधी केलीस?"

मी बकऱ्यांबद्दल काहीतरी बोलायला लागले.
बोट कशी हलत होती, फ्रीज कसा घसरला.
ती बघत राहिली.
मार्चमधल्या तारखेचा कागद माझ्या स्वयंपाकघरात
माशाच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली आहे अजून.
आता नोव्हेंबर.
त्या खोलीतला तो थंड वास, ती बाकं, तो पडदा.
जाईन जाईन म्हणत
मी इतरांसाठी लिफाफे गोळा करत होते.

इस्मे मावशीने हात पुढे केला. "पेन दे."
सातव्या लिफाफ्यावर
तिने सावकाश माझं नाव लिहिलं, आडनावासकट,
आणि माझ्याच हातात ठेवलं.

गुरुवारी परतीच्या बोटीवर रिकाम्या बाटल्यांचे क्रेट होते,
इस्मे मावशी, टॅनेल, बाळ आणि मी.
डिअँड्रा धक्क्यापर्यंत आली. पिशवी घेऊन आली होती,
मग पिशवी घेऊनच परत गेली.
थिओफिला मावशीने पाव पाठवला, अजून गरम,
आणि निरोप: साखर घेताना तो कागद रोज आडवा येतो.

खलाशाने दोर सोडला. सुरगाठ होती, एका हिसक्यात सुटली.
मावशी विणत बसली.
"दुखतं का गं?"
दाबतं. दहाएक सेकंद. श्वास धरून गप्प उभं राहायचं.
"दहा सेकंद," ती म्हणाली, पात दाताने तोडत,
"गप्प राहायची सवय आहेच आम्हाला."

मग टॅनेल पहिल्यांदा बोलली.
दूध पाजत असताना करतात का, विचारलं.
मला माहीत नव्हतं. विचारू, म्हटलं,
आणि पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.