माप

बेलखेडे साहेब पहिल्यांदा दुकानात आले
तेव्हा वाटलं, बायकोच्या परकराचं कापड घेऊन आलेत.
म्हणाले, पंख शिवायचे आहेत.
मी म्हटलं, गॅदरिंगमधल्या परीचे?
म्हणाले, विमानाचे.

दिग्रसच्या बाजारात चक्की आणि सायकलवाल्याच्या मधे
माझं एवढंसं दुकान. तिथे कोणी विमान मापावं कसं?

गेले मी.
अरुणावतीच्या अलीकडे, त्यांच्या बरडावर,
खताच्या गोदामात उभी होती ती.
एकोणीसशे एकसष्टची, दोन सीटांची,
भंगारवाल्याकडून किलोवर आणलेली.
अंगावर चिंधी नाही, नुसत्या बरगड्या.
पोटातून उंदरांचं आख्खं खटलं निघालं होतं,
हवेचा वेग मोजायच्या नळीत
कुंभारीण माशीनं मातीचं बिऱ्हाड थाटलेलं.
उघडं माणूस दिसलं की मान वळवतो, तशी मी आधी वळवली.
मग टेप काढली.
ह्या मुंढ्यापासून त्या मुंढ्यापर्यंत
छत्तीस फूट.

साहेब तरुणपणी कपाशीवर औषध फवारायची विमानं उडवत.
विजेच्या तारांखालून जायचे म्हणतात. खरंखोटं तेच जाणोत.

पुढे पेपरवाल्यानं छापलं, 'आमचा कापूस आभाळात.'
कापूस कुठला ते कापसालाच ठाऊक.
थान बंगलोरहून पार्सलनं आलं होतं.

फूटभर लांब सुई, मेण लावलेला दोरा.
मी पंखाच्या वरून खुपसायची,
फत्तू मिस्त्री खालून धरून परत पाठवायचा.
अडीच इंचाला एक टाका, दर टाक्याला गाठ.
"आली का?"
"आली. सोडा."
एका पंखाच्या दोन अंगांना आम्ही दोघं,
एकमेकांना न दिसता,
दोन उन्हाळे.
त्या दोन उन्हाळ्यांत त्याच्या पोरीचा निकाह ठरला,
मोडला, फिरून ठरला.
तो बोलला नाही. मला दोऱ्याच्या ताणावरून कळायचं.

मग डोप. नखपॉलिशचा वास, तोही बादलीभर.
एकावर एक आठ हात. डोकं भणभणून जायचं.
कापड वाळत गेलं तसं आवळत गेलं,
टिचकी मारली की डफ.

दिल्लीचे कागद आले त्याच महिन्यात
डॉक्टरनं साहेबांचं हृदय नापास केलं.
गोदामाच्या दारात टेकून म्हणाले,
"इंजिनचं ओव्हरहॉल होते, बाई. याचं नाही होत."
आणि पाना मागितला.

उडवायला नागपूरहून सुनंदा उईके आली.
एप्रिल. पहाटेचे साडेपाच.
ऊन चढलं की हवा ताकासारखी पातळ होते म्हणाली,
आत्ताच उरकू.
वाऱ्याची दिशा सांगायला काठीवर पायजम्याची तंगडी.
धावपट्टीवरून गुरं हाकलता हाकलता गुराखी म्हणाला,
"उडते का हे खरंच, का नुस्तं गुरगुरते?"
फत्तूनं हातानं पंखा फिरवला.
तीनदा खोकली. चौथ्यांदा धरलं.

सुनंदा आधी एकटी जाऊन आली.
मग साहेब बसले, शेजारच्या सीटवर.
अकरा मिनिटं.
उतरले ते म्हणाले, "उजवीकडं ओढते,"
आणि तोंड असं की
सासरी गेलेल्या लेकीबद्दल कुरकुर करतात तसं.

मग मी.

अजूनही दुकानात बाया विचारतात,
वरून दिग्रस कसं दिसते वं? धरणाचं पाणी?
आपली घरं दिसते का?
काय सांगू.
पंख डोक्यावर होता, त्याची खालची बाजू माझ्या पुढ्यात.
फत्तूची बाजू. ती मी तोवर पाहिलीच नव्हती.
फितीखाली टाक्यांचे उंचवटे, एकसारखे,
ज्वारीच्या कणसावरच्या दाण्यांसारखे,
आणि सातव्या बरगडीपाशी
वीतभर जागेत सगळे टाके
जरा जास्तच ओढलेले.
वारा शिटी घालत होता, सुनंदा काही दाखवत होती बोटानं.
मी ती वीतभर जागाच बघत होते.
खाली उतरेपर्यंत
तिथलं कापड जराही फडफडलं नाही.