एकशे शहाऐंशी

नायट्रोजन येतो जनावरांच्या दवाखान्यातून,
वळूच्या वीर्याच्या कांड्या बुडवून ठेवतात, त्यातलाच.
मकानदार सर चिठ्ठी देतात.
मी टेम्पोत बसते, सिलिंडर गुडघ्यांत धरून.
सागरमाळाच्या वळणावर पांढरा धूर सांडतो पायांवर,
आणि टेम्पोवाला दर खेपेला विचारतो,
ताई, बर्फ काय हो ह्यात?

शिशाच्या विटांमागं जर्मेनियमचा तुकडा,
ईडलिंबाएवढा.
गारठल्याशिवाय त्याला ऐकू येत नाही.

रसायनवाल्यांच्या कपाटात सापडलेली बाटली.
पिवळी पूड, बुचावर मेण,
लेबलवर शाईनं युरेनियम, पुढचं झुरळांनी खाल्लेलं.
झाकण उघडायचं नाही, ओरखडा काढायचा नाही.
समोर ठेवायची
आणि बसायचं.

टिंबाटिंबानं आलेख चढत जातो.
अठरा तास.
एक हजार एकवर दोनशे अडतीसचं टोक, सरळ, सुईसारखं.
पण एकशे शहाऐंशीपाशी,
दोनशे पस्तीस बोलतं ती जागा,
तिथं टेकडी हवी होती.
नुसतं वारूळ.

सरांनी चष्मा पुसला. पुन्हा लाव म्हणाले.
पुन्हा वारूळ.
जमिनीतून निघतं तेव्हा हजारात सात असतात गं,
ह्यात जेमतेम दोन.

म्हणजे खाणीतून ही सरळ आमच्याकडं आलीच नव्हती.
मध्ये कुठंतरी थांबली,
कुणीतरी तिच्यातलं नेमकं वेचून घेतलं,
उरलेलं बाटलीत भरून
वर मेण लावलं.
पन्नास वर्षं पोरं तिच्यापुढं वहीत लिहीत राहिली:
नैसर्गिक.

रात्री हुपरीला आप्पांना सांगितलं.
ते पैंजणाची कडी कसोटीवर घासत होते,
मान वर न करता म्हणाले,
झारेकऱ्यानं धुतल्याली राख हाय ती.
वजन हाय, कस न्हाई.
मग घेणाऱ्यानं तवाच का लावून बघितली न्हाई?

तेव्हा आमच्याकडं दगड नव्हता, आप्पा.

जरा वेळानं,
हे पैंजण न्हे की उद्या. दाव तुझ्या दगडाला.

चांदी त्याला ऐकू येत नाही, आप्पा.
आतून मोडत असतं तेवढंच ऐकतो तो.
चांदी गप्प असते.

त्यांनी पैंजण उचललं, दिव्याजवळ धरलं
आणि हलवलं.
सगळे घुंगरू एकदम.

गप्प म्हणं.