जांभळ्या रेघा

पेनाचं टोपण दातांत धरून
डॉक्टर बार्रिएन्तोसनी माझ्या तोंडावर रेघा ओढल्या.
कानापुढून एक, हनुवटीखालून एक,
पापण्यांवर दोन, जरा घाईत.
इथून उचलू, म्हणाले, इथून मागं घेऊ,
मानेचं मात्र वेगळं पडेल.

मानेचं वेगळंच पडतं, डॉक्टर.
एकतीस वर्षं टेकडीच्या डब्याची तिकिटं विकली मी,
खिडकी बुटकी, सुटे मोजायचे ते वाकून.

गुरुवारपर्यंत अनामत भरायची.
नर्सनं कापूस दिला, स्पिरिट दिलं.
मी पुसलं नाही.
का, ते मला विचारू नका.

वाल्पाराइसोत त्या दिवशी वारा नव्हता, म्हणजे स्कार्फही नव्हता.
वर चढताना समोरचा पोरगा
मोबाइल खाली ठेवून बघत राहिला.
किती दिवसांनी कुणी बघितलं,
नकाशा बघतात तसं का होईना.

गेल्या महिन्यात ओळखपत्राच्या कचेरीत
यंत्र तीनदा म्हणालं, चेहरा जुळत नाही.
मागं रांग. हसून बघितलं, न हसता बघितलं,
शेवटी दोन्ही गाल बोटांनी वर धरले
तेव्हा कुठं हिरवा दिवा लागला.
एवारिस्तोला जाऊन नऊ वर्षं झाली,
सगळ्या विचारतात, आता कुणासाठी गं?
यंत्रासाठी, मी सांगते. हसतात.

घरी आई दिव्याखाली.
नव्वदीला दोन कमी.
नौदलाच्या साहेबांचे कोट शिवले तिनं, नवऱ्या मुलींचे झगे.
आता मला कधी ओळखते, कधी नाही,
पण बोटं अजून कामावर जातात.

तिनं माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.
अंगठा रेघेवरून फिरवला
कानापासून गळ्यापर्यंत,
थांबत, परत मागं जात.
'कुणी बेतलंय हे?'
आहे एक, म्हटलं. हात चांगला आहे म्हणतात.
'कात्रीची घाई आहे त्याला.
माया कुठंय?'
मी गप्प.
'अर्ध्या बोटाचीसुद्धा माया ठेवली नाही मेल्यानं.
उद्या ढिलं करायची वेळ आली
तर काढणार कुठून?'

मग माझा गाल चिमटीत घेतला,
दुकानात ठाणावरचं घ्यावा तसा.
'कापड चांगलंय. धुवून धुवून मऊ पडलंय.
कुणाचं आहे?'

माझं म्हणावं की तुझं,
ठरेपर्यंत ती विसरून गेली होती,
चहा मागत होती.

रात्री बेसिनपाशी अर्ध्या रेघा निघाल्या.
पाकीट साखरेच्या डब्यामागंच आहे.
खिडकीतून दिसतोय शेवटचा डबा,
रिकामा उतरणारा,
आणि त्याच्याच वजनानं
दुसरा रिकामा वर ओढला जाणारा.
आज मंगळवार.