कारण : वीज

सव्वाबाराला वळीव विजापूरकडं सरकला
आणि जाता जाता आमचा फीडर घेऊन गेला.
ढालगाव गेलं, चोरोची गेली, दुधेभावी गेली.
गेली म्हणजे आहेत तिथंच,
पण टेकाडावरून बघणाऱ्याला नाहीत.
पवनचक्क्यांचे लाल ठिपके तेवढे
आपापल्या लयीत उघडझाप करत होते.

फोन सुरू झाले.
लाईट कवा येणार.
लाईट कवा येणार.
कोळेकरांच्या पोल्ट्रीत परवाच आलेली पिल्लं,
बल्ब गेला की उबेसाठी
एकमेकांवर चढून मरतात.
बघतो, म्हणालो.
आणि खरंच बघत होतो, वर.

विंचवाच्या नांगीचं टोक, ते मूळ.
मी त्याच्यावर जन्मलो.
सत्ताविसाव्या दिवशी वडिलांनी माझं तोंड पाहिलं,
तेही काशाच्या वाटीतल्या तुपात.
मी त्याला बघतो
कॅमेऱ्यामागच्या काडेपेटीएवढ्या काचेत.
फिटंफाट.

कॅमेरा मिरजेच्या नदाफांचा.
अकराशे लग्नं काढून रिटायर झालेला,
भिंगाच्या आत बुरशीचं जाळं,
ट्रायपॉडच्या एका पायाला ऑफिसची काळी टेप.
चार वर्षांत विजेचे फोटो काढले एकोणीस.
धड आले दोन,
त्यातल्या एकात वीज नाहीच,
पत्र्यावर पडलेला तिचा उजेड आहे.

पोल नंबर एकशे चौदा.
पिन इन्सुलेटरच्या दोन उभ्या फाका.
सबस्टेशनहून परमिट मिळालं, अर्थिंग टाकलं,
आणि बेल्ट बांधायच्या आधी
मी बांधावर ट्रायपॉड रोवला,
शटर उघडलं, तसंच अडकवून ठेवलं.
"बॅटरी बंद कर," म्हणालो बंडगरला.
"येड लागलंय काय लगा?"
पण केली.
मग बराच वेळ खालून काही आवाज नाही.
मी अर्ध्यावर चढलो असेन तेव्हा आला,
"हे रोज असतंय?"

नऊ मीटरवरून आभाळ जवळ येत नाही.
बारा वर्षं चढतोय, म्हणून सांगतो.
जवळ येतो तो वारा,
त्यालाही कोळेकरांच्या शेडचा वास.
तरी नट आवळताना पान्यावरचा हात थांबला.
किती वेळ, ते मला विचारू नका.
पिल्लांना तर नकोच.

उतरलो. फोनवर म्हणालो, परमिट रिटर्न.
ओलेकर मॅडमनी फीडर चालू केला,
आणि तिन्ही गावं एकदम बोलायला लागली,
कुणाचा टीव्ही, कुणाची मोटर,
देवळातला भोंगा नुसताच घरघरला.
वर कुणीतरी पाटीवरून ओला हात फिरवला.
विंचवाची नांगी पहिल्यांदा पुसली गेली.

फोटो फसला.
एकोणतीस मिनिटांत तारे रेघा होतात,
आकाशगंगा म्हणजे सांडलेली पीठी.
डाव्या कडेला विजापूरची वीज, जांभळी,
खालचा कोपरा ढालगावनं
शेवटच्या दोन सेकंदांत जाळून टाकलेला.
आणि मधोमध, पोलच्या बाजूनं,
एक वाकडीतिकडी पांढरी रेघ वर गेलेली,
टोकाला गुंता होऊन थांबलेली.
ती माझ्या कपाळावरची बॅटरी.
मी कुठंच नाही त्यात.
वीतभर अंतरावरून मूळ गेलंय.

सकाळी कोळेकरांकडं गेलो.
दोन हजारांत चौदा मेली होती,
घमेल्यात ठेवलेली, पिवळीच्या पिवळी.
"चालायचंच," ते म्हणाले, चहा दिला.
कॅमेरा गाडीच्या डिकीत होता.
तिथंच राहू दिला.

लॉगबुकात लिहिलं :
बंद ००:१५, सुरू ०१:५२.
काय गेलं, वीज.
काय आलं, वीज.
कारण, वीज.
शेऱ्याचा रकाना कोरा सोडला.

बंडगर मात्र हल्ली
रात्रीच्या फॉल्टला निघताना
शिडी गाडीवर टाकतो, दोर मोजतो,
आणि माझ्याकडं न बघता विचारतो,
"पेटी घेतली न्हवं?"