याला गुरुवार नाही

"डाव्या कुशीवर वळा, घुले काका," म्हणाली हेमांगी.
बरगडीवर गार जेलीचा लपका,
आणि पडद्यावरच्या राखाडी धुक्यात
दोन पातळ पानं. उघडतात. मिटतात.
"हा तुमचा वॉल्व्ह."

हसलोच मी. बाई, एकतीस वर्षं दुसरं काय केलं?
पर्वतीवरून उतरणारं पाणी
पहाटे चारला गंज पेठेत सोडायचं, साडेपाचला लोहियानगरात.
खांद्यावर साडेचार फुटी चावी,
चेंबरचं झाकण सारून बावीस आटे उलटे,
आणि जमिनीखालून घुमत येणारं ते
तळपायांना आधी कळायचं, कानांना नंतर.

इथं चावी दिसेना.
"फिरवतं कोण?"
"कोणीच नाही. रक्तच दार ढकलतं,
आणि मागं फिरायला लागलं की रक्तच लावून घेतं."

वरच्या खोल्या हलकेच आवळतात, खालच्या तुडुंब होतात,
मग खालच्या स्वतःला पिळतात, ओलं धोतर पिळावं तशा.
मधली दारं लागतात. तो पहिला ठोका.
उजवीकडचं जातं फुप्फुसांत, वारा प्यायला,
डावीकडचं थेट टाचेपर्यंत, पापणीपर्यंत.
बाहेरची दारं लागतात. तो दुसरा.
म्हणजे जन्मभर छातीत वाजतं
ते दार लागणं.
उघडताना हू नाही की चू नाही.

तिनं बटण दाबलं. लाल-निळं उसळलं.
"लाल ते चांगलं, निळं ते वापरलेलं?"
"नाही हो. लाल आपल्याकडं येणारं,
निळं लांब जाणारं. एवढंच."

एका पानाच्या कडेनं उलटी, बारीक पिचकारी.
"थोडी गळती आहे. वयानं होते."
गळतीला मी भीत नाही,
पण इथं सुतळी-सफेदा चालायचा नाही, एवढं कळतं.

"आणि याला स्वतःला कधी मिळतं?"
विचारलं, कारण जनता वसाहतीत
सगळ्या पेठा भिजवून मी घरी पोचेपर्यंत
आमचा नळ नुसता सुसू करायचा,
इंदू कळशी आडवी करून बसलेली.

हेमांगीनं चित्र थांबवलं.
"पिळून झालं की सैल पडतं ना,
बहुतेक तेवढ्यातच. दोन ठोक्यांच्या मधे."

दुरुस्तीसाठी शहराचं पाणी गुरुवारी बंद.
पेपरात येतं, लोक पिंपं भरून ठेवतात.
याला गुरुवार नाही.
पासष्ट वर्षं, एकही नोटीस नाही.

तिनं पुसायला कागद दिला.
शर्टाचं वरचं बटण दोनदा चुकलं.
बाहेर रास्ता पेठेत कुणाची तरी टाकी
भरून भिंतीवरून ओघळत होती
आणि मी, रिपोर्ट काखेत, सवयीनं ओरडलो,
"अहो, बंद करा! वाया चाललंय!"